हवामानसंकट आणि उपायाची कथा

हवामानबदल आणि साहित्य यांच्या संबंधाची चर्चा आपल्याकडे गेल्या दोन-अडीच दशकांत वाढत गेली आहे. या चर्चेत साधारणपणे दोन अपेक्षा व्यक्त होतात. साहित्याने येऊ घातलेल्या अरिष्टाची जाणीव करून द्यावी, ही एक. आणि साहित्याने मार्ग दाखवावा, नव्या उपायांची कल्पना करावी, ही दुसरी. दोन्ही अपेक्षांमागील तळमळ खरी असली, तरी साहित्यकृतीचे मूल्य तिच्याबाहेरच्या कार्यात शोधण्याची वृत्ती दोहींतही आहे. दवंडी देणे हे साहित्याचे काम नव्हे, तसेच आराखडे काढणे हेही त्याचे काम नव्हे. प्रस्तुत लेखात एका वेगळ्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. निसर्गाच्या प्रकोपावरील उपाय हाच जेव्हा कथेचा विषय होतो, तेव्हा त्या उपायाचे कथेत नेमके काय होते?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. पंचतंत्रात एका बगळ्याची गोष्ट आहे. झाडाच्या ढोलीतला साप त्याची पिल्ले खात असे. खेकड्याच्या सल्ल्याने बगळ्याने मुंगसाच्या बिळापासून सापाच्या ढोलीपर्यंत मासे पसरून ठेवले. मुंगूस त्या वाटेने आले, त्याने साप मारला आणि मग त्याच झाडावरचे बगळेही एकामागून एक खाऊन टाकले. मराठीत आपण ‘उपाय’ आणि ‘अपाय’ हे शब्द जोडीने वापरतो, त्यामागचे शहाणपण या गोष्टीत पुरेपूर उतरले आहे. विशेष म्हणजे सल्ला देणारा खेकडा बगळ्यांचा हितचिंतक नव्हता. बगळे हे त्याच्या जातीचे जुने वैरी होते. उपाय कोण सुचवतो, तो कोणाच्या हाती राहतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न या लहानशा कथेने कायमचे उभे करून ठेवले आहेत. आधुनिक भारतीय साहित्यातील काही कृती या तीन प्रश्नांच्या प्रकाशात वाचून पाहिल्या, तर आजच्या हवामानविषयक साहित्याचे मूल्यमापन करण्याची एक कसोटी हाती येईल असे वाटते.

१

भारतीय भाषांतील विज्ञानकथेच्या आरंभी ज्या कथांचा उल्लेख केला जातो, त्यांपैकी एक कथा हवामानाच्या नियंत्रणाचीच आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जगदीशचंद्र बसू यांची ‘निरुद्देशेर काहिनी’ ही बंगाली कथा १८९६ मधली. कोलकात्यावर चक्रीवादळ येणार असे भाकीत केले जाते, शहर भयभीत होते आणि वादळ येतच नाही. ते कोठे गेले याचा उलगडा शास्त्रज्ञांना होत नाही. उलगडा असा की, आजारपणात केस गळालेला निवेदक समुद्रप्रवासाला निघालेला असतो आणि बोट बुडण्याच्या बेतात असताना तो आपल्याजवळची केशतेलाची बाटली लाटांवर ओततो. तेलाच्या पातळ थराने समुद्र शांत होतो. पुढे १९२१ मध्ये ‘अव्यक्त’ या संग्रहात बसूंनी ही कथा ‘पलातक तुफान’ या नावाने नव्या रूपात समाविष्ट केली.

या कथेतील विनोद सर्वांच्या ध्यानात येतो, पण तिची जन्मकथा तितकीच बोलकी आहे. ती ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने चालवलेल्या कथास्पर्धेसाठी लिहिली गेली होती आणि कथेत त्या तेलाचा उल्लेख सहजपणे यावा अशी स्पर्धेची अपेक्षा होती. म्हणजे निसर्गावरील तांत्रिक उपायाची आपल्याकडील ही आद्य कथा एका विक्रेय वस्तूच्या आश्रयाने जन्मली. आज हवेतील कार्बन शोषून घेणाऱ्या यंत्रांपासून ‘हरित’ म्हणवणाऱ्या मालापर्यंत प्रत्येक उपायाला बाजारपेठ चिकटलेली आपण पाहतो. बसूंच्या कथेने हे नाते नकळत, पण हसतखेळत उघड केले होते. शिवाय वादळाचे भाकीत, वर्तमानपत्रांतील बातम्या आणि शास्त्रज्ञांची तर्कटे यांचा कथेत केलेला उपयोग पाहता, अधिकृत ज्ञानाच्या भाषेवरचा तिचा उपरोधही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

या कथेनंतर नऊ वर्षांनी, १९०५ मध्ये, रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. पुरुष पडद्याआड आणि स्त्रिया राज्यकारभारात, अशा एका स्वप्नराज्याची ही कथा आहे. तेथील एका स्त्री-विद्यापीठाने ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा तयार केला आहे. दुसऱ्या विद्यापीठाने सूर्याची उष्णता साठवण्याची कला साध्य केली आहे. सौरऊर्जेवर स्वयंपाक होतो, शेतीला हवे तेव्हा पाणी मिळते. पुरुष सैन्यबळ वाढवण्यात गुंतले असताना हे संशोधन झाले आणि त्याची थट्टाही झाली. शत्रू चालून आल्यावर मात्र त्याच साठवलेल्या उष्णतेने राज्य वाचले.

रुकैयांच्या कथेत यंत्रापेक्षा यंत्रावरील अधिकाराची अदलाबदल महत्त्वाची आहे. उपाय कोणाच्या हाती, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर इतके स्पष्ट आहे की कथेतील विज्ञान जुने झाले तरी कथा जुनी होत नाही. तथापि एक मर्यादा नोंदवली पाहिजे. ढगांतले पाणी आधीच ओढून घेतल्यावर ते शेजारच्या राज्यात पडायचे राहिले, त्याचे काय? स्वप्नराज्याला सीमा आहेत, ढगांना त्या नाहीत. हा प्रश्न रुकैयांच्या कथेच्या कक्षेत येत नाही. तो आला रवींद्रनाथांच्या नाटकात.

२

‘मुक्तधारा’ हे रवींद्रनाथांचे नाटक १९२२ मधले. उत्तरकूटच्या राजासाठी यंत्रराज विभूती याने अनेक वर्षे खपून मुक्तधारा या निर्झरावर बांध घातला आहे. बांधकामात कित्येक मजूर मेले. आता खालच्या शिवतराईच्या प्रजेचे पाणी राजाच्या मुठीत आले आहे. युवराज अभिजित, जो याच निर्झराकाठी सापडलेला पोरका मुलगा आहे, बांधातील कच्चा दुवा जाणतो. अखेरीस तो बांध फोडतो आणि त्या प्रवाहातच वाहून जातो.

हे नाटक यंत्रविरोधी आहे, असे ठोकळेबाज विधान अनेकदा केले जाते. वस्तुतः रवींद्रनाथांनी आपल्या शांतिनिकेतनजवळच्या श्रीनिकेतनात ग्रामसुधारणेचे आणि शेतीच्या शास्त्रीय प्रयोगांचे काम याच १९२२ साली सुरू केले. विज्ञानाविषयी त्यांना वावडे नव्हते. नाटकाचा रोख आहे तो मालकीवर. वरच्या गावाची सिद्धी ही खालच्या गावाची तहान ठरते, तेव्हा त्या सिद्धीला उपाय म्हणावे काय, हा त्याचा प्रश्न आहे. आपला बेपत्ता मुलगा शोधत फिरणारी अंबा ही नाटकातील लहानशी भूमिका या दृष्टीने मध्यवर्ती ठरते. बांधाच्या जयघोषात तिचा आवाज सतत मिसळत राहतो आणि प्रेक्षकाला हिशेब विसरू देत नाही.

गंगावतरणाच्या पुराणकथेतही हा हिशेब आहेच. भगीरथाच्या मागून निघालेल्या गंगेच्या लोंढ्यात जन्हू ऋषींची यज्ञभूमी बुडाली. त्यांनी सगळी गंगाच पिऊन टाकली आणि विनवणीनंतर ती पुन्हा सोडली. एका महान लोककल्याणकारी योजनेत ज्याची जागा पाण्याखाली गेली, असा हा आपल्या स्मृतीतला पहिला माणूस. फरक इतकाच की जन्हूंजवळ तपोबल होते. त्यामुळे त्यांची दखल घ्यावी लागली.

ज्यांच्याजवळ असे बळ नाही, त्यांची कथा मराठीत विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ या १९९१ च्या कादंबरीत आली. तिला १९९२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची ही कादंबरी हवामानबदलावरची नव्हे. परंतु दुष्काळ, पूर आणि विजेचा तुटवडा यांवर विसाव्या शतकाने शोधलेला सर्वांत मोठा उपाय म्हणजे धरण, आणि त्या उपायाची दुसरी बाजू इतक्या तपशिलाने दाखवणारी मराठी कादंबरी म्हणून ती आज पुन्हा वाचण्याजोगी आहे. कज्जे, नोटिसा, जमिनीचे वाटप, दलाल, कचेऱ्यांतले हेलपाटे यांचा कंटाळवाणा वाटावा इतका विस्तार हा या कादंबरीचा दोष मानला जाईल. मला मात्र त्यातच तिचे सामर्थ्य दिसते. उपायाचा अपाय क्वचितच एका आघातात कोसळतो. तो कागदांच्या थप्पीतून, वर्षानुवर्षे, हप्त्याहप्त्याने पोचतो. कथानकाची ही संथ, रखडणारी गती त्या अनुभवाचाच रूपबंध आहे.

३

विज्ञानकथेत या विषयाला पृथ्वीव्यापी परिमाण मिळाले. जयंत नारळीकर यांची हिमयुगाविषयीची कथा येथे विचारात घ्यावी लागते. तिचे इंग्रजी रूप ‘द आईस एज कमेथ’ या नावाने बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या, नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ या १९९३ च्या संग्रहात आहे. मुंबईत बर्फ पडतो, तेथून कथेला वेग येतो. हिमयुग येणार असल्याचा इशारा वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाने दिलेला असतो आणि तो कोणी गंभीरपणे घेतलेला नसतो. अतिशीत हवेत तयार होणारे सूक्ष्म हिमकण, ज्यांना ‘हिऱ्यांची धूळ’ म्हटले जाते, ते सूर्यप्रकाश परतवून लावतात आणि पृथ्वी गारठते. या कल्पनेचे मूळ नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या विचारांत आहे. हॉइल यांचे हिमयुगावरील पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. कथेतला उपाय असा की, अग्निबाणांच्या साह्याने वातावरणात उष्णता शोषणारे कण पसरायचे. इंद्रावरच्या स्वारीची कल्पना या मोहिमेला जोडून नारळीकर पुराणप्रतिमेचा नेमका उपयोग करतात.

या कथेशेजारी अमेरिकन कादंबरीकार किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ ही २०२० ची कादंबरी ठेवली, तर एक विलक्षण प्रतिबिंब दिसते. तिचा आरंभ उत्तर प्रदेशातील उष्णतेच्या लाटेने होतो. आर्द्रता आणि तापमान यांचा असा संयोग होतो की घामाने शरीर थंड होणेच थांबते; सुमारे दोन कोटी माणसे मरतात. त्यानंतर भारत सरकार आंतरराष्ट्रीय संमतीची वाट न पाहता विमानांतून स्थितांबरात गंधकाचे कण सोडते. जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर पृथ्वीचे सरासरी तापमान काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. त्याच परिणामाची दुप्पट नक्कल करण्याचा हा प्रयत्न. नारळीकरांच्या कथेत पृथ्वी उबदार करण्यासाठी कण वर पाठवले जातात, रॉबिन्सन यांच्या कादंबरीत ती थंड करण्यासाठी. दोन्ही ठिकाणी माणूस आकाशाला हात घालतो आणि दोन्ही ठिकाणी त्या धाडसात भारताचा वाटा आहे.

साम्य येथे संपते. नारळीकरांची कथा शास्त्रज्ञाच्या एकाकीपणाची आहे. सत्य त्याला दिसते, सत्ताधाऱ्यांना दिसत नाही आणि संकट कोसळल्यावर सारे त्याच्याकडे धावतात. हा आकृतिबंध नाट्यपूर्ण आहे. पण त्यामुळे उपायाचा प्रश्न केवळ ज्ञानाचा उरतो. संमती कोणाची, विरोध कोणाचा, हे प्रश्न मागे पडतात. कथेच्या आटोपशीर आकारात हे क्षम्य मानता येईल. विज्ञानाविषयीचा विश्वास मराठी वाचकाच्या मनात रुजवण्याचे जे कार्य २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या नारळीकरांनी आयुष्यभर केले, त्याच्याशी हा आकृतिबंध सुसंगतही आहे.

रॉबिन्सन यांची पद्धत उलट आहे. एकशे सहा लहानमोठ्या प्रकरणांत ते एकाच उपायावर विसंबत नाहीत. कार्बन रोखून धरणाऱ्यांना मध्यवर्ती बँकांनी द्यायचे नवे चलन, अंटार्क्टिकातील हिमनद्यांखालचे पाणी उपसून त्यांची घसरण मंदावणे, शेतीतील बदल, कायदे, संप आणि हिंसाचारसुद्धा, अशा नानाविध गोष्टींची ते जुळणी करतात. सूर्य, कार्बनचा अणू यांनाही निवेदक केले जाते. एकच नायक, एकच कथानक ही कादंबरीची चौकट या संकटाला अपुरी आहे, हे त्यांचे रूपविषयक भान दाद देण्यासारखे आहे.

पण भारतीय वाचकाने येथे थोडे थांबले पाहिजे. दोन कोटी भारतीय पहिल्याच प्रकरणात मरतात, आणि त्या भीषण अनुभवाची जखम पुढे कादंबरीभर वागवतो तो फ्रँक हा अमेरिकन मदतकार्यकर्ता. भारतातील आवाज अधूनमधून येतात, मोहिमेत सहभागी झालेल्यांचे निवेदनही येते, परंतु ज्याच्या मनाच्या आत आपल्याला दीर्घकाळ राहू दिले जाते असा मरणातून वाचलेला भारतीय माणूस या कादंबरीत नाही. भारत तेथे प्रथम बळी आहे आणि मग निश्चयी राष्ट्र आहे. माणूस म्हणून तो क्वचितच भेटतो. शिवाय गंधकाच्या कणांनी ऊन अडवले तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, समुद्राचे आम्लीकरण चालूच राहते, आणि पर्जन्यमानावर, म्हणजे आपल्या मोसमी पावसावर, अशा प्रयोगाचा काय परिणाम होईल ही शंका शास्त्रज्ञांनी वारंवार व्यक्त केली आहे. पावसावर ज्याचे पोट आहे त्या शेतकऱ्याला या उपायाविषयी कोणी विचारले काय? अंबेचा आवाज रवींद्रनाथांच्या छोट्या नाटकात ऐकू येतो. या विस्तीर्ण कादंबरीत तो फार क्षीण होतो.

४

अमिताव घोष यांच्या लेखनाचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या २०१६ च्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, आधुनिक गंभीर कादंबरीने संभाव्यतेला प्रमाण मानून असाधारण घटनांना आपल्या क्षेत्राबाहेर घालवले आणि म्हणूनच हवामानसंकट तिच्या पकडीत येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशी घटना कादंबरीत आली असती तर ती अतिशयोक्त वाटली असती, या अर्थाने घोष यांचे म्हणणे पटते.

तरीही हे प्रतिपादन नागर मध्यमवर्गीय कादंबरीला जितके लागू पडते, तितके ग्रामीण जीवनाच्या कादंबरीला पडत नाही. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीतील कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाचा लहरीपणा असाधारण वाटत नाही. तोच त्याचा नित्याचा संसार आहे. तेथे संकट अवतरत नाही, ते मुक्कामालाच असते. ज्या कादंबरीत अनिश्चितता हीच दैनंदिन वस्तुस्थिती आहे, तिच्यात संभाव्य आणि असंभाव्य यांची सीमारेषा वेगळ्या ठिकाणी पडते. हवामानाच्या साहित्याचा इतिहास लिहिताना आपल्या समीक्षेने ही कादंबरी ‘ग्रामीण’ या कप्प्यात बंद करून ठेवता कामा नये.

घोष यांच्या विवेचनापेक्षा त्यांची २००४ ची ‘द हंग्री टाइड’ ही कादंबरी मला या विषयाच्या अधिक जवळ जाणारी वाटते. सुंदरबनात डॉल्फिनचा अभ्यास करणारी पिया आणि अक्षरशत्रू मच्छीमार फोकीर यांना समान भाषा नाही. चक्रीवादळात पियाला वाचवताना फोकीर मरतो. मागे उरते ते पियाचे दिशादर्शक यंत्र. फोकीरने ज्या ज्या खाड्यांतून तिला नेले, त्या साऱ्या वाटा त्यात नोंदल्या गेलेल्या असतात, आणि त्यांच्या आधारावर स्थानिकांना बरोबर घेऊन पुढचे काम उभे करण्याचे ती ठरवते. यंत्र आणि परंपरागत ज्ञान यांचा हा संगम दिलासादायक आहे. पण घोष त्याला स्वस्त होऊ देत नाहीत. ज्ञान उरले, ज्ञानी गेला. आणि त्याच कादंबरीत १९७९ मधील मरीचझापीची हकीकतही आहे. वनाच्या रक्षणासाठी राखलेल्या बेटावर वसलेल्या निर्वासितांना तेथून बळाने हुसकावण्यात आले. निसर्गरक्षण हाही एक उपायच. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नोंद ही कादंबरी ठेवते. उपाय आणि हिशेब एकाच कथानकात नांदवण्याचे हे सामर्थ्य अलीकडच्या हवामानविषयक कादंबऱ्यांत दुर्मीळ आहे.

५

शेवटी एका उणिवेकडे निर्देश करणे आवश्यक आहे. आतापर्यंत पाहिलेल्या बहुतेक कृतींतील उपाय भव्य आहेत. तेलाने शांत होणारा समुद्र, ढगांतले पाणी ओढणारा फुगा, बांध, अग्निबाण, विमाने. कथेला भव्यतेचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक परिणामकारक उपाय नीरस वाटावेत असे असतात. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ मध्ये फायलिन वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवण्यात आले होते आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. बसूंच्या कथेतल्यासारखे वादळ कोणी थांबवले नाही, माणसे हलवली. निवारे बांधले, इशारे वेळेवर पोचवले, गावोगाव सराव केला. मे २०१० मधील जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. तीत आगाऊ सूचना, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय यांना स्थान होते. पुढे छपरांना पांढरा रंग देणे त्यात आले. रॉबिन्सन यांच्या कादंबरीतील अरिष्टाला भारतातील एका शहराने शोधलेले हे साधेसुधे उत्तर आहे. ते पुरेसे नाही, हेही खरे. जगातील इंधनाचा धूर त्याने कमी होत नाही.

अशा उपायाची कथा कशी सांगायची? जेथे यश म्हणजे काही न घडणे, तेथे कथानक कोठून आणायचे? हा आपल्या कादंबरीपुढचा खरा रूपविषयक प्रश्न आहे. घर सोडून निवाऱ्यात जायला तयार नसलेली म्हातारी, दावणीची गाय मागे ठेवताना अडखळणारा माणूस, दोन वेळा खोटा ठरलेला इशारा तिसऱ्यांदा गावाच्या गळी उतरवणारी अंगणवाडीची ताई, यांच्या मनात नाट्य कमी नसते. ‘झाडाझडती’च्या संथ तपशिलाने आणि ‘द हंग्री टाइड’च्या अबोल नात्याने त्या दिशेची वाट दाखवून ठेवली आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने हवामानविषयक कृती हाती घेताना तिच्यातला उपाय शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे की नाही, येथेच अडून राहू नये. केशतेलाने वादळ शमत नाही, म्हणून बसूंची कथा निकालात निघत नाही. आणि आकडेवारी बिनचूक आहे म्हणून एखादी कादंबरी श्रेष्ठ ठरत नाही. मुंगूस कोणी बोलावले, मासे कोणी पसरले आणि झाडावर कोणाची पिल्ले होती, हे ती कृती विचारते की नाही, आणि विचारताना त्या पिल्लांना आवाज देते की नाही, हे पाहिले पाहिजे. तापमानवाढीच्या काळात जगाला शास्त्रज्ञ, अभियंते आणि प्रशासक यांची नितांत गरज आहे. त्यांच्या पंगतीला जाऊन बसण्याची साहित्याला आवश्यकता नाही. त्यांनी मांडलेल्या प्रत्येक हिशेबात जो आकडा लिहायचा राहतो, तो माणसाच्या रूपात समोर आणून उभा करणे, हे साहित्याचे जुने काम आहे आणि आज त्याची निकड अधिक आहे.